व्यायामात जळणारी चरबी आणि अंगावरून उतरणारी चरबी

‘फॅट बर्नर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि पावडरींच्या जाहिरातींत दोन वेगळ्या गोष्टींची हमखास सरमिसळ केलेली असते. व्यायाम चालू असताना स्नायू इंधन म्हणून किती चरबी वापरतात ही एक, आणि काही महिन्यांनी पोटावर किंवा मांड्यांवर साठलेली चरबी प्रत्यक्षात किती कमी झाली ही दुसरी. पहिली वाढली की दुसरी आपोआप साधेल असे वाटणे स्वाभाविक आहे. शरीराचा हिशेब मात्र तसा चालत नाही.

पहिली गोष्ट मोजतात ती श्वासावरून. चेहऱ्याला मास्क लावून, बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वापरला गेलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर काढले जाते, ते ०.७ च्या जवळ असेल तर इंधन बहुतांशी चरबीचे आणि १ च्या जवळ असेल तर कर्बोदकांचे. मध्यम गतीच्या व्यायामात चरबीचा वाटा मोठा असतो आणि धाप लागेपर्यंत पळू लागल्यावर तो घटतो. ट्रेडमिलवरचे ‘फॅट बर्न’चे बटण याच निरीक्षणावर बेतलेले आहे. तेवढ्याच सापेक्ष तीव्रतेच्या, म्हणजे आपापल्या क्षमतेच्या तेवढ्याच टक्क्यांच्या, व्यायामात स्त्रिया पुरुषांपेक्षा चरबीचा वापर अधिक करतात, तरीही त्यामुळे त्यांचे वजन अधिक झपाट्याने उतरते असे नाही, हे इथेच लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट मोजायला डेक्सा स्कॅनसारखे (क्ष-किरणांनी अंगातली चरबी मोजणारे) साधन आणि पुष्कळ दिवस लागतात. घरातले ‘बॉडी फॅट’ दाखवणारे काटे विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधावरून, म्हणजे मुख्यतः शरीरातल्या पाण्यावरून, अंदाज बांधतात. पाळीपूर्वी अंगात पाणी धरले की तो अंदाज हलतो, त्यामुळे आठवड्याभरातला फरक पाहून खूश किंवा खट्टू होण्यात अर्थ नसतो.

ग्रीन टीच्या अर्काचे उदाहरण घेऊ. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा अर्क घेतलेल्या १२ तरुण पुरुषांच्या शरीरात अर्धा तास सायकल चालवताना चरबीचा वापर १७ टक्क्यांनी अधिक आढळला. आकडा भारदस्त दिसतो, आणि तो स्त्रियांनाही तंतोतंत लागू पडतो असे घटकाभर धरून चालू. अर्धा तास भरभर चालण्यात साधारण १४० किलोकॅलरी खर्च झाल्या आणि त्यातल्या निम्म्या चरबीतून आल्या, तर जळलेली चरबी सुमारे ८ ग्रॅम भरते. तिच्यावर १७ टक्के म्हणजे १.३ ग्रॅम, अर्थात चहाच्या चमचाभर तुपाचा चौथा हिस्सा. आठवड्यातून ५ दिवस, वर्षभर न चुकता चालले तरी ही जादा चरबी ३५० ग्रॅमच्या आतच राहते. आणि तीही उरलेल्या साडेतेवीस तासांत शरीराने भरून काढली नाही तर. प्रत्यक्षात व्यायामात चरबी जास्त जळाली की दिवसाच्या उरलेल्या वेळात शरीर कर्बोदके जास्त वापरू शकते, आणि भूकही आपला वाटा मागते. साठ्यातली चरबी घटते ती दिवसाच्या आणि आठवड्याच्या एकूण उष्मांकांत तूट पडल्यावरच.

‘फॅट बर्नर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एल-कार्निटीन या दुसऱ्या पूरकाच्या बाबतीत तर नेमकी ही कसोटी स्त्रियांवरच लावली गेली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वजन जास्त असलेल्या ३६ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज ४ ग्रॅम एल-कार्निटीन आणि निम्म्यांना तुलनेसाठी नुसते लॅक्टोज (दुधातली साखर) देण्यात आले. सगळ्याजणी ८ आठवडे, आठवड्यातून ४ दिवस, अर्धा तास चालत होत्या. शेवटी दोन्ही गटांच्या वजनात किंवा चरबीत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट कार्निटीन घेणाऱ्या ५ जणींनी मळमळ किंवा जुलाबामुळे प्रयोग सोडला. कार्निटीन चरबीच्या आम्लांना पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे ती जिथे जळतात तिथे, पोहोचवते हे खरेच आहे. परंतु यकृत आणि मूत्रपिंडे ते स्वतःच तयार करतात, निरोगी स्नायूंत ते पुरेसे असते आणि गोळीतल्या कार्निटीनचा थोडासाच भाग रक्तात उतरतो.

कॅफिनची बाजू थोडी बरी आहे, पण वेगळ्या कारणाने: त्याने थकवा उशिरा जाणवतो आणि व्यायाम जरा जास्त वेळ होतो. म्हणजे श्रेय त्या वाढलेल्या व्यायामाचे. हे काम एक कप काळी कॉफीही करते.

निरुपयोगी गोळीचे नुकसान निदान पैशांपुरतेच राहील, असेही गृहीत धरू नये. ग्रीन टीच्या अर्कातील ईजीसीजी हा घटक रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक पोटात गेल्यास रक्तातली यकृताची विकरे वाढू शकतात (ही यकृताला इजा होत असल्याची खूण असते), असे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले आहे. कपातला चहा आणि कॅप्सूलमधला अर्क यांना म्हणूनच एका मापाने मोजता येत नाही.

माझ्या मते भारतीय स्त्रियांच्या बाबतीत खरा प्रश्न निराळ्याच पूरकाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हिमोग्लोबिन कमी असताना स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, दोन जिने चढून दम लागतो आणि एरोबिक व्यायाम आठवड्याभरात सुटतो. अशा वेळी रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली लोहाची गोळी कोणत्याही ‘फॅट बर्नर’पेक्षा जास्त उपयोगी पडते. चरबी ती जाळत नाही, पण चालण्याचे बळ देते. ग्रीन टी आवडीने पिणाऱ्यांनी मात्र तो जेवणानंतर तासाभराने घ्यावा, कारण पालेभाज्या आणि डाळींतले लोह चहाबरोबर शरीरात नीट शोषले जात नाही.