ब्रेक दाबला की ऊर्जा जाते कुठे?

संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर वांद्र्याहून बोरिवलीकडे निघालेली गाडी चार पावलं धावते आणि थांबते. पेट्रोलच्या आणि विजेच्या गाडीतला खरा फरक इथेच कळतो.

ताशी 50 किमी वेगाने धावणाऱ्या 1,300 किलोच्या गाडीत सुमारे 35 वॅट-तास गतिज ऊर्जा असते. पेट्रोल गाडीत ब्रेक दाबताच ही ऊर्जा ब्रेकची डिस्क आणि पॅड तापवण्यात संपते. सिग्नल सुटला की नवं पेट्रोल जाळून तोच वेग पुन्हा कमवायचा. विजेच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच जनरेटर होते आणि यातली बरीचशी ऊर्जा बॅटरीत परतते. बॅटरी 100 टक्के भरलेली असेल तर मात्र ती घ्यायला जागाच नसते. म्हणून रोजच्या वापराला 80-90 टक्के चार्जिंग पुरे. शिवाय ट्रॅफिकमध्ये उभी असताना मोटर काही खात नाही, फक्त एसी वीज घेतो. पेट्रोलचं इंजिन एसीसकट तासभर नुसतं उभं राहिलं तरी पाऊण-एक लिटर पितं.

‘पण वीज कोळशाचीच ना?’ हा प्रश्न रास्त आहे. हिशेबच करू. चार्जिंगमधली गळती धरून शहरात 100 किमीला साधारण 16 युनिट लागतात. देशात युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे 11-12 किलो. लिटरला 12 किमी देणारी पेट्रोल गाडी तेवढ्यासाठी 8.3 लिटर जाळते; लिटरला 2.3 किलोप्रमाणे 19 किलो. बॅटरी बनवतानाचं जास्तीचं प्रदूषण फिटायला मात्र हजारो किलोमीटर चालावं लागतं. महिन्यातून दोनदाच गाडी काढणाऱ्याने घाई करू नये.

घरच्या चार्जिंगमध्ये घोळ होतो तो बहुधा वायरिंगमुळे. 15 अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम 3 किलोवॅट मिळतात, तेव्हा 30 युनिटची बॅटरी भरायला दहा-अकरा तास लागतात. जुन्या इमारतीत अर्थिंग कच्चं असलं की चार्जर सुरूच होत नाही. चार्जर बदलण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको: रात्रभर एवढा करंट वाहिला की ढिली जोडणी तापते आणि प्लग वितळतो. मीटरपासून थेट जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त वाहिला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवेतच.

मोटरच वेग आवरत असल्याने ब्रेक पॅड कितीतरी जास्त टिकतात. पण मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा, मागे गाडी नाही हे पाहून, दोन-चार वेळा जरा जोरात ब्रेक दाबा.