पेवातला वायू आणि बिअरची टाकी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडचं शटर परवा भरदुपारी खाली ओढलं होतं. आत अंधार हवा होता. शेडवाले एरवी डेअरीच्या टाक्या बनवतात, या वेळी ऑर्डर आली होती पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची. हजार लिटरची, खाली निमुळती होत गेलेली स्टेनलेस स्टीलची टाकी. तिला आतून राइबोफ्लेविनचं, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचं पाणी मारलं होतं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ना, तेच हे. अतिनील प्रकाशात ते हिरवट चमकतं. मग टाकीच्या माथ्यावरच्या भोकाभोकांच्या गोळ्यातून साधं पाणी फवारायचं आणि अतिनील टॉर्च आत घालून बघायचं. जिथं चमकेल तिथं पाणी पोचलेलं नाही.

चमकलं. थर्मामीटरच्या नळीमागे, दोन बोटं रुंदीचा पट्टा.

"एवढ्याशानं काय हुतंय, काका?" वेल्डिंगवाल्या पोरानं विचारलं.

बरंच होतं. बिअर आंबवून झाली की टाकीच्या वरच्या अंगाला यीस्ट, प्रथिनं आणि हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) राळ यांचं चिकट कडं वाळून बसतं. शिवाय कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा धरतो, त्याला बिअरस्टोन म्हणतात. त्याच्या आडोशाला लॅक्टोबॅसिलस राहतात, आपल्या दह्यातल्या जिवाणूंचेच भाऊबंद. पुढची बिअर आंबट करायला ते पुरेसे असतात. पेडिओकॉकस शिरला तर बिअरला लोण्याचा वास मारतो.

मग आत उतरून घासावं, तर दोन अडचणी. एक म्हणजे चरे. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो, आणि टाकीचा आतला पृष्ठभाग ०.८ मायक्रॉनपेक्षा खडबडीत नसावा असा दंडक आहे. तारेच्या घासणीनं तिथं जिवाणूंसाठी घरंच खणली जातील. दुसरी अडचण सांगलीजवळच्या हरिपूरच्या लोकांना सांगायला नको. हळदीचं पेव, म्हणजे साठवणीचं जमिनीखालचं कोठार, उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे, आधी कंदील सोडून बघत. आत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडनं माणूस मरतो. आंबवणीच्या टाकीतही तोच वायू असतो.

म्हणून टाकी जागेवरच, न उघडता धुवायची. ही रीत डेअऱ्यांमध्ये रुळली आणि तिथून ब्रुअऱ्यांत गेली. तिला क्लीन-इन-प्लेस, थोडक्यात सीआयपी म्हणतात; आमच्याकडे 'सीआयपी मारली का?' असं विचारतात. आधी पाण्यानं विसळायचं. मग ७०-८० अंशांचं एक ते दोन टक्के कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), ते प्रथिनं आणि राळ सोडवतं. पुन्हा पाणी. मग खड्यासाठी नायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्ल. शेवटी पाणी आणि जंतुनाशक. नळ्यांमधून हे सगळं सेकंदाला दीड मीटरच्या आसपास वेगानं जावं लागतं. संथ वाहिलं तर भिंतीला लागून पाण्याचा एक आळशी थर राहतो आणि घाण त्याच्यामागे सुखात बसते.

हे हातानं व्हॉल्व्ह फिरवूनही करता येतं. पण कॉस्टिक फिरवायची वीस मिनिटं माणूस मोजतो ती व्हॉल्व्ह उघडल्यापासून. स्वयंचलित यंत्रणेचा तापमापक परतीच्या नळीवर असतो. टाकी फिरून परत येणारं कॉस्टिक ठरलेल्या तापमानाला पोचेपर्यंत तिचं घड्याळ सुरूच होत नाही. शेजारी विद्युतवाहकता मोजणारा प्रोब असतो. कॉस्टिकमधून वीज पाण्यापेक्षा कितीतरी सहज वाहते, त्यामुळे आता नुसतं पाणी येतंय की अजून कॉस्टिक, हे त्याला लगेच कळतं. कॉस्टिक पुन्हा वापरायला त्याच्या टाकीत, पाणी गटारात. मला विचाराल तर या यंत्रणेचा पैसा या दोन सेन्सरांतच वसूल होतो, रंगीत पडदा शोभेला.

बिअरमध्ये मात्र डेअरीवाल्यांना माहीत नसलेली एक मेख आहे. कॉस्टिक कार्बन डायऑक्साइड खातं आणि त्याचा धुण्याचा सोडा होतो. हजार लिटरच्या टाकीत तो वायू साधारण १.८ किलो भरतो, आणि तो सव्वातीन किलो कॉस्टिक गिळतो. म्हणजे दोन टक्क्यांचं शंभर लिटर द्रावण घातलं, तर त्यातलं दोन किलो कॉस्टिक भांड्याला लागण्याआधीच खलास. शिवाय वायू नाहीसा झाल्यानं आत पोकळी होते. बाहेरून हवा दर चौरस सेंटिमीटरला किलोभर दाबतच असते. आतला दाब सोसायला बनवलेला दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा मग पाण्याच्या रिकाम्या बाटलीसारखा चेपतो. म्हणून आधी खालचा व्हॉल्व्ह उघडून, हवा फुंकून तो जड वायू घालवतात. वायू ठेवूनच धुवायचं असेल तर कॉस्टिकऐवजी आम्ल वापरतात, त्याची वायूशी झटापट होत नाही. आणि काही चुकलंच तर बाहेरची हवा आत घेणारा एक व्हॉल्व्ह टाकीच्या माथ्यावर असतो.

पट्ट्याचा इलाज सोपा निघाला. नळीच्या पलीकडून दुसरा गोळा बसवला, पुन्हा पिवळं पाणी मारलं, पुन्हा शटर ओढलं. या वेळी काहीच चमकलं नाही.

पण ऑर्डरच्या कागदावर तो हवेचा व्हॉल्व्ह खर्च वाचवायला खोडलेला होता. शेडमालकांनी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि सव्वातीन किलोचा हिशेब ऐकवला. संध्याकाळी सुधारित कागद आला, व्हॉल्व्ह पहिल्या नंबरला.