शंभरपर्यंत म्हणता आलं म्हणजे पहिलीचं गणित झालं?

नाशकात घरी शिकवणाऱ्या पालकांच्या ग्रुपवर जून आला की हा मेसेज फिरतो: ‘मूल शंभरपर्यंत अंक म्हणतं ना? मग पहिलीचं पुस्तक सोडा, थेट दुसरीचं घ्या.’

असं वाटणं स्वाभाविक आहे. पण अंक म्हणणं हे बरंचसं पाठांतर असतं, मोजणं वेगळं.

तपासायला मूठभर बेदाणे पुरे. ताटलीत बारा ठेवा, मोजायला सांगा आणि लगेच विचारा, “एकूण किती?” मूल पुन्हा एकपासून सुरू झालं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे अजून उमगलेलं नाही. आता बेदाणे पसरा आणि तेच विचारा. उत्तर बदललं तर घाई नको. मग “यातले सात मला दे” म्हणा. कुठे थांबायचं ते कळतं का, हे इथे दिसतं.

मराठीत आणखी एक मेख आहे. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून मूल ७४ लिहितं. ‘एकोणसाठ’ला तर ६९, कारण कानावर साठ पडतं. हा मुलाचा आळस नव्हे. काड्यापेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे रबराने बांधा, शेजारी सात सुट्या ठेवा आणि मग ४७ लिहायला लावा.

पुस्तक निवडताना मुखपृष्ठावरची इयत्ता नंतर बघा. वस्तू, मग चित्र, मग अंक असा क्रम आहे का, दशक-एककाला पुरेशी पानं आहेत का, ते आधी चाळा. बेदाण्यांत मूल जिथे अडलं, तेच तुमचं पहिलं पान.