इपॉक्सी लेप (गॅरेजच्या जमिनीचा)

काँक्रीटच्या जमिनीवर राळ आणि हार्डनर (तिला घट्ट करणारे रसायन) मिसळून दिलेला कडक, चकचकीत थर. कारखाने, गोदामे आणि रुग्णालयांत तो सर्रास असतो. अमेरिकेत मात्र घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये लोक सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच देतात. (आपल्याकडे गॅरेज म्हटले की गाडी दुरुस्तीचे दुकान आठवते, इथे गाडी ठेवण्याची बंदिस्त खोली अभिप्रेत आहे.)

साधा रंग वाळतो तो त्यातला द्रव उडून गेल्यामुळे. इपॉक्सी रासायनिक क्रियेने घट्ट होते. राळ बहुधा बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्यापासून बनते, हार्डनर बहुतेक वेळा अमाइन वर्गातला असतो. दोन्ही कालवल्यावर हाताशी साधारण अर्धा-पाऊण तास उरतो, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. मिश्रण बादलीतच राहिले तर आपल्याच उष्णतेने तापते आणि त्याचा दगड होतो. म्हणून ते लगेच जमिनीवर पट्ट्यांनी ओतून रबरी पट्टीने आणि रोलरने पसरवतात. हार्डनर अंगावर उडाला तर त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते, तेव्हा हातमोजे हवेतच.

खरी मेहनत डबा उघडण्याआधीची. नव्या काँक्रीटला पक्के व्हायला निदान २८ दिवस द्यावे लागतात. घोटाई करून गुळगुळीत केलेल्या जमिनीवर लेप धरत नाही, कारण त्याला मुरायला छिद्रेच नसतात. पातळ केलेले म्युरिॲटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिड टाकून जमीन खरखरीत करण्याची पद्धत जुनी आणि स्वस्त; पण ॲसिड नीट धुतले गेले नाही तर तेच लेपाच्या मुळावर येते. डायमंड ग्राइंडरने घासणे केव्हाही सरस, धूळ मात्र व्हॅक्यूमने ओढून घ्यावी लागते. घासून झाल्यावर चार थेंब पाणी टाकून पाहावे. थेंब अळवावरच्या पाण्यासारखा उभा राहिला, तर तिथे तेल किंवा जुना सीलर (छिद्रे बुजवणारा लेप) आहे. जिरून गर्द डाग पडला, तर जमीन तयार.

दुसरा शत्रू ओल. सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवतात. खाली दव धरले किंवा जमीन काळवंडली, तर ओल खालून वर येते आहे. तिच्या दाबाने लेपाला फोड येतात, वरून कितीही हात मारले तरी. कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नये, एवढे सांगणे पुरे.

जाडीचा हिशेब सोपा आहे : द्रावकविरहित इपॉक्सीचा १ लिटर १० चौरस मीटरवर १०० मायक्रॉन (०.१ मिलिमीटर) बसतो. पाण्यावर आधारलेल्या स्वस्त किटमधला बराच भाग उडून जातो आणि थर तितकाच पातळ उरतो.

उन्हाने इपॉक्सी पिवळी पडते, आधी दाराजवळ. त्यावर पॉलियुरेथेन किंवा पॉलिअस्पार्टिक या उन्हाला जास्त टिकणाऱ्या लेपाचा वरचा हात देतात. लांबून आलेल्या गाडीचे तापलेले टायर लेप मऊ करतात आणि कच्चा धरलेला लेप टायरच्या आकारात उचलून आणतात. दोष तेव्हा टायरला दिला जातो. निघालेला पोपडा उलटा करून पाहावा : मागे सिमेंटची पूड चिकटलेली असेल तर वरचा ठिसूळ थर किंवा धूळ निघालेली नव्हती, पाठ काचेसारखी स्वच्छ असेल तर जमीन घासलीच नव्हती.