स्मॉल फटीग क्रॅक: धातूतली पहिली चीर

स्मॉल फटीग क्रॅक म्हणजे मिश्रधातूच्या पार्टवर तोच लोड परत परत येऊन पडलेली अगदी सुरुवातीची चीर, लांबी काही मायक्रॉनपासून फार तर अर्धा-एक मिलिमीटर. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यातल्या कितीतरी चिरा त्याहूनही लहान. पुस्तकी मराठीत फटीगला धातूची श्रांती म्हणतात पण शॉपफ्लोअरवर सगळे फटीगच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवलाय. तार हाताने इकडे तिकडे वाकवून तोडतो तेव्हा हेच होतं, फक्त तिथे दहा-वीस वेळांत काम होतं आणि रेल्वेच्या ॲक्सलमध्ये प्रत्येक फेऱ्याचा ताण इतका कमी ठेवलेला असतो की लाखो-करोडो सायकल, म्हणजे लोड येऊन जाण्याचे फेरे, लागतात. ताण असा कमी असला की आयुष्याचा मोठा भाग चीर जन्माला येण्यात आणि ती इतकुशी असतानाच संपतो, नंतर दिसेल एवढी झाली की उरलेला वेळ थोडाच असतो.

धातू बाहेरून एकसंध दिसला तरी आतून तो ग्रेनचा, म्हणजे बारीक बारीक स्फटिकांचा बनलेला असतो. तुकडा पॉलिश करून त्याला ॲसिड लावलं की मायक्रोस्कोपखाली वेड्यावाकड्या फरश्या बसवल्यासारखे ग्रेन दिसतात, आणि प्रत्येकात अणूंच्या थरांची दिशा वेगळी. लोड आला की ज्या ग्रेनची दिशा सोयीची त्यातले थर एकमेकांवरून किंचित सरकतात, लोड गेला की मागे येतात पण नेमके जागेवर येत नाहीत, आणि असं हजारो वेळा झालं की पृष्ठभाग नीट न जुळवलेल्या पत्त्यांच्या कॅटसारखा होतो, कुठे पान बाहेर, कुठे आत. त्या आत गेलेल्या खाचेतूनच चीर सुरू होते. इविंग आणि हम्फ्री या दोघांनी 1903 मध्ये स्वीडिश लोखंडावर हे मायक्रोस्कोपखाली पाहिलं, आधी सरकण्याच्या रेषा, मग त्या रेषांचे पट्टे आणि पट्ट्यांतून चीर. बाजारातल्या मिश्रधातूंत मात्र बऱ्याचदा खाचेचीही वाट बघावी लागत नाही. 7075 सारख्या विमानाच्या ॲल्युमिनियममध्ये लोह-तांब्याचे कडक कण असतात, पोलादात ऑक्साइडचे असतात, तो कण तडकतो किंवा आजूबाजूच्या धातूपासून सुटतो आणि तिथूनच चीर निघते.

पुढचा प्रवास सगळ्यात बघण्यासारखा आहे. नमुना पॉलिश करून मशीनवर लावायचा, ठरावीक सायकलनंतर मशीन थांबवायचं, पृष्ठभागावर ॲसिटोनचे थेंब टाकून ॲसिटेटची पातळ फिल्म चिकटवायची, सुकली की अलगद सोलून काढायची. फिल्मवर चिरेचा ठसा येतो. अशा पन्नास-साठ फिल्म जमवून तुटल्यावर उलट्या क्रमाने बघत गेलं की कळतं, चीर सुरुवातीला लोडच्या दिशेला साधारण 45 अंशात तिरकी जाते, ग्रेनची हद्द आली की अडखळते, कधी हजारो सायकल जागची हलत नाही आणि मग पलीकडच्या ग्रेनमध्ये घुसून एकदम पळत सुटते. काही चिरा हद्दीवर कायमच्याच थांबतात. चार-सहा ग्रेन ओलांडल्यावर ती लोडला काटकोनात वळते आणि मग शिस्तीत वाढायला लागते.

खरी अडचण इथे आहे, कारण चीर मोजायचं जे गणित सगळीकडे वापरतात ते या शिस्तीत वाढणाऱ्या मोठ्या चिरेवर बेतलेलं आहे. पॉल पॅरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास दाखवलं की दर सायकलला चीर किती पुढे जाईल हे तिच्या टोकाशी येणाऱ्या ताणाच्या तीव्रतेतल्या चढउतारावर, म्हणजे डेल्टा के वर ठरतं. पुढे हेही दिसलं की डेल्टा के एका पातळीखाली असेल तर मोठी चीर वाढतच नाही. ही खालची पातळी म्हणजे थ्रेशोल्ड. पण 1975 मध्ये पिअर्सन यांनी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर काम करताना बघितलं की 0.006 ते 0.5 मिलिमीटरच्या चिरा त्याच डेल्टा के ला मोठ्या चिरेच्या शंभर पटीपर्यंत वेगाने वाढतात. थ्रेशोल्डखालीही लहान चिरा वाढताना सापडल्या. म्हणजे मोठ्या चिरेच्या आकड्यांवरून पार्टचं आयुष्य काढलं तर ते खऱ्यापेक्षा जास्त निघू शकतं, आणि चूक या बाजूची असणं फार वाईट.

असं का होतं याचं एकच उत्तर नाही. मोठी चीर मागे बराच दाबलेला, ताणलेला धातू सोडत आलेली असते, त्यामुळे लोड पूर्ण उतरायच्या आतच तिचे दोन्ही ओठ मिटतात आणि लोडचा काही भाग वायाच जातो. एल्बरने हे 1970 च्या सुमारास मांडलं. लहान चिरेच्या मागे तेवढी वाटच नसते म्हणून ती लवकर मिटत नाही, तिला अख्खा लोड मिळतो. दुसरं, टोकाजवळ धातू ज्या भागात कायमचा वाकतो तो भाग आणि चीर जवळपास सारख्याच मापाची असते, मग डेल्टा के चं गणित मुळातच लागू होत नाही. तिसरं म्हणजे ती एकदोन ग्रेनमध्येच असते, आणि तो ग्रेन सगळ्यात कमजोर म्हणूनच तर ती तिथे जन्मली.

यातून एक विचित्र गोष्ट निघते जी डिझाइन करणाऱ्याने ध्यानात ठेवलीच पाहिजे. बारीक ग्रेन लहान चिरेला जागोजागी अडवतो, पण मोठ्या चिरेला बऱ्याच मिश्रधातूंत जाड ग्रेन जास्त रोखतो, कारण तिचा रस्ता खडबडीत होतो आणि ओठ लवकर अडकतात. दोन्ही एकाच धातूत पुरेपूर मिळत नाही, म्हणून मग पृष्ठभागावर काम करतात. पॉलिश करतात, किंवा शॉट पीनिंग, म्हणजे बारीक छर्रे मारून वरचा थर दाबून ठेवतात जेणेकरून चीर उघडायलाच जोर लागावा.

तपासणीत हे सगळं बहुतेक दिसतच नाही. वर्कशॉपमध्ये डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट टेस्ट करतात, लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा, चीर असेल तर लाल रेघ उमटते. पृष्ठभाग स्वच्छ असेल आणि बघणारा तयारीचा असेल तरी भरवशाने सापडते ती मिलिमीटरच्या आसपासची किंवा मोठी. 19 जुलै 1989 ला अमेरिकेत सू सिटीला डीसी-10 विमान कोसळलं, फ्लाइट 232, त्याच्या शेपटीकडच्या इंजिनातली टायटेनियमची फॅन डिस्क फुटली होती. डिस्कचा धातू वितळवतानाच आत नायट्रोजनमुळे कडक झालेला ठिपका राहिला होता, फिनिशिंगनंतर तिथे दीड मिलिमीटरहून लहान खड्डा उरला आणि चीर त्या खड्ड्यातून निघाली. तपासात निष्कर्ष आला की पहिल्याच काही वेळा इंजिन पूर्ण ताकदीने चाललं तेव्हाच ती जागा तडकली होती. त्यानंतर डिस्कने 15,503 सायकल काढल्या, आणि फुटायच्या 760 सायकल आधी डीपी टेस्टच्याच जातीची तपासणी झाली तेव्हा पृष्ठभागावर सुमारे 12 मिलिमीटर चीर होती पण ती कुणाला दिसली नाही.