गोदाकाठची यात्रा आणि बंद दरवाजे

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे आपण प्रवाशांसाठी विश्रामगृहे बांधली, दमणगंगा, तापी यांसारख्या नद्यांवर मोफत नावा ठेवल्या, असे त्यात नोंदवले आहे. हाच दाता तीर्थांवर ब्राह्मणांना दाने देतो आणि बौद्ध भिक्षूंसाठी लेणेही कोरवतो. यात्रेकरूची सोय करणे हे धर्मकृत्य असल्याची समजूत या परिसरात किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते.

पुढे तेराव्या शतकात त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीवर निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडून उपदेश मिळाल्याची परंपरा आहे. निवृत्तिनाथांची समाधीही त्र्यंबकलाच असल्याने पौष वद्य एकादशीला दिंड्या तिथे येतात आणि ज्येष्ठात पालखी पंढरीकडे निघते. वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. ही समता खोटी नव्हती. मात्र अस्पृश्य मानलेल्यांच्या दिंड्या वेगळ्या चालत आणि पंढरपुरात त्यांची वाट महाद्वारासमोरच्या चोखोबांच्या समाधीपाशी संपत असे. चालण्याचा हक्क होता, आत जाण्याचा नव्हता. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाची चर्चा आखाडे आणि शाही स्नान यांच्यापुरतीच राहते, पण नाशिकच्या यात्रेचा सामाजिक इतिहास सांगायचा तर पंचवटीतील काळाराम मंदिराकडेच यावे लागते.

पेशवाईत सरदार ओढेकरांनी काळ्या दगडात उभारलेल्या या मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. महात्मा गांधी दांडीकडे निघाले ते त्यानंतर दहा दिवसांनी, हा क्रम सहसा लक्षात घेतला जात नाही. स्थानिक संघटनेची धुरा भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांकडे होती. पहिल्या दिवशी हजारोंची मिरवणूक मंदिरापर्यंत गेली. दरवाजे बंद आढळल्यावर ती गोदावरीच्या घाटावर गेली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही, त्यांत स्त्रियाही, चारही दरवाजांवर ठिय्या देऊन बसले. त्यांना आत येऊ द्यायचे नाही म्हणून दरवाजे सर्वांसाठीच बंद राहिले आणि अडवणाऱ्यांनाही देवदर्शन दुरावले.

रामनवमीच्या उत्सवातील रथयात्रेसाठी ९ एप्रिलला तडजोड ठरली: रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी ओढायचा. प्रत्यक्षात सत्याग्रहींनी दोराला हात लावण्याआधीच रथ पळवण्यात आला, दगडफेक झाली आणि अनेक जण जखमी झाले. दर्शनाचा वाद अशा रीतीने देवळाच्या आवारातून भर रस्त्यावर, यात्रेच्या वाटेवरच आला.

सत्याग्रह पुढेही थांबत-थांबत चालू राहिला. मार्च १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात आंबेडकरांनी आपला हेतू स्पष्ट केला: दलितांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरप्रवेशाने ते समान होतील, म्हणून ही चळवळ सुरू केली नव्हती, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चेतना यावी, यासाठी ती होती. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा अर्थ या पत्रात आहे, कारण यात्रेचे फळ गाभाऱ्यात मिळते हे गृहीतकच ते नाकारते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले आणि २१ वर्षांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षाभूमीवर आता दरवर्षी लाखो लोक येतात.

दरम्यान, साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केल्यावर विठ्ठलमंदिर दलितांना खुले झाले आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. स्त्रियांचा प्रश्न मात्र मागे राहिला. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, पुरुषांना जिथे प्रवेश आहे तिथे स्त्रियांना अडवता येत नाही, अशी भूमिका घेतल्यानंतर त्याच महिन्यात त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात स्त्रियांनी पोलीस बंदोबस्तात प्रवेश केला.