टिप्कमधले पत्ते आणि सॉकेट जोडणी

टिप्क म्हणजे ट्रान्सपरंट इंटर-प्रोसेस कम्युनिकेशन, एका क्लस्टरमधल्या (म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटातल्या) प्रोग्रॅमनी आपापसात बोलायचा प्रोटोकॉल. एरिक्सन या टेलिकॉम कंपनीत जॉन मलॉय यांनी साधारण 1996 च्या सुमारास काम सुरू केलं असं बहुतेक ठिकाणी मिळतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तो 2.6.16 पासून, म्हणजे 2006 पासून आहे.

इंटरनेटच्या आयपीत मशीनचा नंबर आणि पोर्ट (त्यावरच्या प्रोग्रॅमचा नंबर) लागतो, इथं नुसतं सर्व्हिसचं नाव चालतं आणि ते नाव म्हणजे टाइप (कुठली सर्व्हिस) आणि इन्स्टन्स (त्यातली कितवी) असे 32 बिटांचे दोन आकडे (हॅलो-वर्ल्ड डेमोत 18888 आणि 17). 0 ते 63 हे टाइप प्रोटोकॉलने स्वतःकडे ठेवलेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची हवी तर कुठली बाय कुठं बसलीय हे कोण आधी पाठ करून जातो, मिरची म्हटलं की कोणीतरी देतंच. तसंच एकाच नावाला अनेक सॉकेट (प्रोग्रॅमची बोलायची टोकं) बाइंड असले, म्हणजे बांधलेले असले, तर मेसेज त्यांच्यात आळीपाळीने जातात. पण एकदा घासाघीस सुरू झाली की व्यवहार त्याच बायशी, इथंही जोडणी झाली की पुढचं सगळं त्या एका सॉकेटच्या खऱ्या पत्त्यावर, म्हणजे पोर्ट आणि नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) जातं, नाव मागे पडतं.

नोडच्या पत्त्याबद्दल मात्र गोंधळ आहे. जुनी वर्णनं झोन, क्लस्टर, नोड असे 8, 12, 12 बिट सांगतात, 2018 च्या 4.17 कर्नलपासून नोडची ओळख 128 बिटांपर्यंत ठेवता येते आणि 32 बिटांचा आकडा त्यातून आपोआप काढला जातो. नव्याने शिकणाऱ्याने झोनच्या भानगडीत पडू नये हे बरं.

जोडणी दोन तऱ्हेची. कनेक्ट मारलं तर रिकामा मेसेज जातो, समोरचा ॲक्सेप्ट करतो तेव्हा तिथूनही रिकामाच परत येतो, आणि कनेक्ट डीफॉल्टने 8 सेकंद थांबतं. दुसरी गंमतीची, कनेक्ट न करताच सेंडटूने (पाठवायच्या कॉलने) पहिला डेटा नावावर पाठवायचा, तोच हाक आणि तोच मजकूर, मग सर्व्हरकडून पोच आली की जोडणी पक्की, एक फेरी वाचते. हे फक्त स्ट्रीम आणि सीक्वेन्स-पॅकेट सॉकेटवर, आरडीएम आणि डेटाग्रॅम या सुट्या मेसेजच्या सॉकेटना जोडणीच नाही.

नावाला कोणी बाइंडच नसेल तर होस्ट अनरीचेबल ही एरर येते. नोड गेला तर त्याच्याशी असलेली लिंक (दोन नोडमधला दुवा) डीफॉल्टने 1.5 सेकंदांत मेलेली धरतात आणि त्यावरच्या जोडण्या तुटतात. सर्व्हिस आली-गेली हे कळवायला टोपॉलॉजी सर्व्हर आहे, त्याचा टाइप 1.